संगणक दिले, पुढचं कोण बघणार?

महोदय,

सॉफ्टवेअर कंपनी उभी करून आता जिल्ह्यातल्या शाळांकडे वळलेल्या उद्योजकांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आदर आहे. पण शाळांना संगणक कक्षासाठी दिलेले पैसे त्यांनी पदरचे घातले, असं तुमचा वार्ताहर लिहितो आणि शेजारच्याच चौकटीत तो कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी काढून ठेवायचा निधी असल्याचं छापलंय. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावेच लागतात. तो पैसा भागधारकांचा. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, ते स्वतःचे. हा फरक वाचकांना सांगायला नको?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. एका कंपनीने आम्हाला असाच संगणक कक्ष दिला. मार्च संपायच्या आत उद्घाटन उरकायचं म्हणून परीक्षेच्या दिवसांत वर्ग रिकामा करून मांडव घातला. पाहुणे गेले. पुढच्या पावसाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या. कंपनीला पत्रं पाठवली, तर उत्तर आलं की तो प्रकल्प पूर्ण झाला आहे. वीजबिल सादिलच्या, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांत बसेना. आमच्या मुख्याध्यापिका बाई स्वतःच्या पगारातून भरायच्या, तरी एकदा मीटर काढून नेलाच. मुलं खिडकीच्या गजांना धरून आत झाकून ठेवलेल्या मशीनकडे बघत उभी राहायची. सातवीतली एक मुलगी रोज विचारायची, "बाई, आज चालू होणार का?" तिची शाळा संपली, कक्ष काही उघडला नाही.

हे टाळता येतं. सीएसआरच्या नियमांत प्रकल्प सुरू केल्याचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं त्यावर खर्च करायची मुभा आहे. त्यातून देखभाल, वीज, शिकवणाऱ्याचं मानधन देता येईल. अझीम प्रेमजी फाउंडेशननेही सुरुवातीला संगणकावरून शिकवण्याच्या सीडी काढल्या होत्या. नंतर त्यांनी सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षं काम करायचा रस्ता धरला. आपल्या या उद्योजकांनी नवीन शाळा घेण्याआधी जुन्या शाळांत एकदा स्वतः जाऊन मशीन चालू करून बघावं, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत डावीकडून सगळ्या पाहुण्यांची नावं दिलीत. उजवीकडे टोकाला मुख्याध्यापिका उभ्या आहेत, त्यांचं नाव नाही. उद्यापासून तो कक्ष त्याच सांभाळणार आहेत. शाळेला फोन करा, नाव विचारा आणि दुरुस्ती छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका