कुंभार्ली घाटाआधी गाडी अडवून ठेवणाऱ्या मिस्त्रीकाकांस

सन्माननीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात कराडहून चिपळूणला परतताना मी आपल्या गॅरेजपुढे थांबलो, तो केवळ माझ्या दुचाकीच्या पुढच्या ब्रेकच्या डबीत थोडे ऑइल घालून घेण्यासाठी. दोन महिने माझा हाच उद्योग चालू होता. उजव्या हातमोज्याची बोटे ओलसर लागत, टाकीच्या कडेचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, आणि या दोन्हींचे खापर मी खुशाल पावसावर फोडले होते.

आपण मात्र ऑइलच्या बाटलीला हातही लावला नाहीत. लिव्हर सोडवून त्यामागचे रबरी आवरण (बूट) नखाने मागे सारलेत आणि आत साचलेला थेंब बोटावर घेऊन माझ्यापुढे धरलात. लिव्हर दाबताच ऑइल पुढे ढकलणाऱ्या पिस्टनवरचा पुढचा रबरी कप खराब झाला तर बाहेर काहीही न सांडता लिव्हर हळूहळू आत बसते आणि मागचा झाला तर असे गळते, हे आपण दोन वाक्यांत समजावलेत. वरून ऑइल घालत राहिल्याने गळती थांबत नव्हती, फक्त मला दिसत नव्हती. "कुंभार्ली उतरायचाय ना? मग गाडी इथंच राहील," असे आपण म्हणालात तेव्हा, खरे सांगतो, मला राग आला होता.

कराडहून वडापच्या जीपने नव्या रबरी कपांचे किट येईपर्यंत आपण सर्क्लिप, म्हणजे पिस्टन जागी धरणारी कडी, काढून पिस्टन बाहेर घेतलात. मागच्या कपाची कड एका जागी चिरली होती. मी पेट्रोलची बाटली पुढे करताच आपण ती बाजूला सारलीत, कारण पेट्रोलने हे रबर फुगते. पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर आपण ताज्या ब्रेक ऑइलनेच धुतलात आणि आत ओरखडा नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिलेत. ओरखडा असता तर नुसते किट घालून भागले नसते, हा अख्खा मास्टर सिलिंडर बदलावा लागला असता. डबीच्या तळाचे सुईच्या टोकाएवढे छिद्रही आपण तांब्याच्या एकाच तारेने मोकळे केलेत. ते बुजले तर तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला परतायला वाट उरत नाही आणि ब्रेक आपोआप धरू लागतो.

मग ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढण्याचे काम. मी लिव्हर दाबून धरायचे, आपण खाली चाकाजवळच्या कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) हवा सोडायचा निपल सैल करून लगेच आवळायचा, आणि "सोडा" म्हटल्याशिवाय मी बोट हलवायचे नाही. पारदर्शक नळीतून आधी काळपट ऑइल आले, मग बुडबुडे आणि शेवटी स्वच्छ पिवळसर धार. डॉट ४ या प्रतीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओलावा मुरलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांची आहे, हे मी घरी आल्यावर वाचले. अर्धवट वापरलेली माझी बाटली आपण का ठेवून घेतलीत, ते तेव्हा कळले.

त्या संध्याकाळी धुक्यात एका वळणावर समोर म्हैस आली आणि लिव्हर पहिल्या बोटभर दाबातच घट्ट लागली. त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मजुरी सांगताना आपण चहाचे पैसे धरले नव्हते. पुढच्या खेपेला कराडला जाताना तो चहा माझ्याकडून.

आपला ऋणी,
चिपळूणचा एक दुचाकीस्वार