बशी झाकलेला चहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने जुन्या इंग्रजी हेरमालिकांना ‘रटाळ’ म्हटलं आहे. ‘दीडपट वेगाने लावा, काही बुडत नाही,’ असा सल्लाही दिलाय. माझी थोरली बहीण आणि मी गेल्या महिन्यात बीबीसीची १९७९ ची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ बघून संपवली. सातही भाग, आहे त्याच वेगात. ताई ७८ वर्षांची, मी ७१. आम्हाला कसली घाई नाही हे कबूल. पण दीडपट वेगात नेमकं काय बुडतं, ते सांगायला हे पत्र.

पहिलंच दृश्य घ्या. बैठकीच्या खोलीत एकेक करून चार अधिकारी येऊन बसतात. शेवटचा येतो तो चहाच्या कपावर बशी ठेवून. बराच वेळ कुणी कुणाशी बोलत नाही. ताई म्हणाली, “चौघं एका कचेरीतले, आणि एकानेही दुसऱ्याला चहाचं विचारलं नाही. ह्यांचं काही खरं नाही रे.” पुढचे सात भाग तिने त्या एका वाक्यात सांगून टाकले होते, हे मला फार उशिरा कळलं. वेग वाढवला असता तर चार माणसं खुर्च्यांवर बसली, एवढंच दिसलं असतं.

या हेरखात्यात अगदी वरच्या जागेवर कुणीतरी फितूर आहे आणि त्याला हुडकायचं काम नोकरीतून घालवलेल्या जॉर्ज स्मायलीकडे येतं. मी ३४ वर्षं एका बँकेत अंतर्गत तपासणी केली, त्यामुळे हा माणूस मला पहिल्या भागातच ओळखीचा वाटला. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. हॉटेलच्या खोलीत बसून जुन्या फायली वाचतो, लोकांना भेटतो आणि त्यांना बोलू देतो. आम्हीही शाखेत गेलो की आधी व्हाउचरचे नंबर लावून बघायचो. मधला एखादा गायब असला की मुक्काम वाढला म्हणून समजायचं. ॲलेक गिनेस यांनी या भूमिकेसाठी ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्यासोबत जेवण घेऊन त्यांचं बारीक निरीक्षण केलं होतं. टायच्या टोकाने चष्मा पुसणारा त्यांचा स्मायली बघताना आपण नट बघतोय हे विसरायला होतं.

आम्ही दोघं सर्वांत जास्त बोललो ते दिल्लीच्या प्रसंगावर. १९५० च्या दशकात दिल्लीच्या तुरुंगात स्मायली एका रशियन हेराला फोडायला येतो. हा कार्ला, म्हणजे पॅट्रिक स्टुअर्ट. तो अक्षर बोलत नाही. या मालिकेत नाही आणि पुढच्या मालिकेतही नाही. समोरची शांतता असह्य होऊन स्मायलीच बोलत सुटतो, अगदी बायकोपर्यंत येतो, आणि तिने दिलेला लायटर कार्ला घेऊन जातो. “चौकशी कुणाची चाललीय?” ताई म्हणाली. मी गप्प. एकदा एका शाखेत एक रोखपाल माझ्यासमोर असाच तासभर नुसता बसून राहिला होता. मला काय काय सापडलंय, ते मीच त्याला सांगून बसलो होतो.

ताई शाळेत शिकवायची. त्यामुळे पाठीत गोळी लागून परतलेला आणि आता मुलांना फ्रेंच शिकवणारा हेर जिम प्रिडो तिचा लाडका. वर्गातल्या एकट्या पडलेल्या चष्मेवाल्या मुलाला तो ‘तू सगळं टिपतोस’ म्हणून जवळ करतो, तिथे तिने विणकाम खाली ठेवलं.

भांडणही झालं. जो भेटेल तो स्मायलीला विचारतो, “ॲन कशी आहे?” ॲन म्हणजे त्याची बायको, आणि ती दिसते थेट शेवटी. मला यात लेखक जॉन ल कारे यांची चतुराई दिसते. ताईचं म्हणणं, “सात भाग तिची निंदा, आणि तिला बोलायला पाच मिनिटं!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

‘इतका सभ्य माणूस फितुरी करेल?’ ही तिची दुसरी शंका मात्र मी फेडली. मालिका ऑक्टोबर १९७९ मध्ये संपली आणि नोव्हेंबरात थॅचरबाईंनी संसदेत सांगितलं की, राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी प्रमुख अँथनी ब्लंट रशियाचे हेर होते. त्यांच्याच टोळीतला किम फिल्बी १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला होता. हा फिल्बी १९१२ साली जन्मला आपल्या अंबाल्यात, आणि ‘किम’ हे टोपणनाव किपलिंगच्या कादंबरीतल्या पोरावरून पडलेलं. किपलिंगचा जन्म मुंबईतला, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. आता बोला!

फितूर कोण, ते इथे लिहीत नाही. त्या वाचकमहाशयांनी स्वतः शोधावा, साध्या वेगात. आम्ही कालपासून १९८२ ची ‘स्मायलीज पीपल’ लावली आहे. सहाच भाग आहेत, म्हणून ताईने रोज एकच बघायचा असं बजावलंय.

आपला,
एक निवृत्त तपासनीस, मिरज