पाठवायचं की ठेवायचं

प्रिय दोस्ता,

उशिराबद्दल शिव्या घालशील, घाल. इथे रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं, आणि वर जाऊन धापा टाकत टाइप करण्यापेक्षा खाली बसून कागदावर लिहिलेलं बरं.

तू विचारलं होतंस, गावातल्या आरोग्य केंद्रावर पोस्टिंग घेऊन तिथे शिकायला काय मिळणार? एक्स-रे नाही, लॅब म्हणजे हिमोग्लोबिन आणि मलेरियाचं किट, राउंड घ्यायला सर नाहीत. सगळं खरं. पण तुमच्या वॉर्डात पेशंट येतो तो कुणीतरी पाठवलेला असतो. पाठवायचं की इथेच ठेवायचं, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवणारे इथे बसतात, आणि सध्या त्यांच्या शेजारच्या स्टुलावर मी.

परवा दहा महिन्यांचं बाळ आलं, खोकला आणि ताप. मी सवयीने स्टेथोस्कोप काढला. सिस्टरांनी बाळ शांत होईपर्यंत वाट पाहिली, कपडा वर केला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ५४. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद, वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, आणि दोन महिन्यांच्या आत ६०. हे आकडे आपण तोंडी परीक्षेत पोपटासारखे म्हटलेत, पण मिनिटभर मोजताना मी तरी कुणाला पाहिलं नव्हतं. बाळ अंगावर पीत होतं, झटका नाही, सुस्ती नाही, छाती आत ओढली जात नव्हती. म्हणजे न्यूमोनिया, पण पुढे पाठवण्याइतका गंभीर नाही. तोंडाने अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू, तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचं, आणि पिणं थांबलं तर रात्रीसुद्धा यायचं. आईकडून हे वदवून घेतल्याशिवाय सिस्टरांनी तिला उठू दिलं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला. १९९९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला तो पेपर मला पीएसएमची (सामाजिक वैद्यकाची) पाच मार्कांची टीप वाटायचा. आता कळतंय की त्या बायका नेमकं काय करत असतील.

सर्पदंशाची केस मात्र रात्री आली. पायाला सूज, साप कुणी पाहिलेला नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं: गोठलं नाही तर विषाने रक्त बिघडवलंय असं समजायचं. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त चांगलं असूनही गोठत नाही आणि फसगत होते. तुमच्याकडे त्या वीस मिनिटांत कोॲग्युलेशन प्रोफाइलचा (रक्त गोठण्याच्या तपासण्यांचा) फॉर्म भरून झाला असता. इथे तेवढ्या वेळात सिस्टरांनी प्रतिविष काढलं, त्याची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं आणि गाडीवाल्याला उठवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविष सुरू करून त्याला पुढे पाठवला.

पाठवणं म्हणजे नुसती चिठ्ठी नसते, हेही तेव्हाच पाहिलं. सोबत कोण जाणार, घरची पोरं कुणाकडे, परत यायला गाडी कोण देणार? यावर जितका वेळ गेला तितका तपासायलाही लागला नव्हता.

एक गोष्ट मात्र खुपते. आमच्यासारखे विद्यार्थी येतात, शिकतात, जातात. एका आजींनी बीपी मोजून घेता घेता विचारलं, "तू कधी जाणार?" रागाने नाही, गाडीची वेळ विचारावी तसं. या पोस्टिंगचा फायदा गावापेक्षा मलाच जास्त आहे, यात मला शंका नाही. निदान एकाच ठिकाणी वर्षभर ठेवलं तर हिशोब थोडा तरी जुळेल.

आता तुझ्याकडे काम. तो सर्पदंशाचा पेशंट तुमच्याच कॅज्युअल्टीत आलाय. इथून पाठवलेल्यांचं पुढे काय झालं हे सिस्टरांना सहसा कुणी कळवत नाही. त्याचा केसपेपर काढ, किडनी कशी आहे बघ, लघवी किती होते ते विचार. डिस्चार्ज कार्डावर चार ओळी सिस्टरांसाठी लिही, आणि कृपा करून वाचता येईल अशा अक्षरात.

तुझाच,
टेकाडाखालचा डॉक्टर (अजून अर्धाच)