काकाजींची वही

नागपूर

प्रिय गजू,

काल तान्हा पोळा आटोपून परतलो. निघताना वहिनींनी काकाजींची वही माझ्या पिशवीत टाकली, तेव्हा तू मान फिरवलीस. समोर बोललो असतो तर विषय बदलला असतास, म्हणून लिहितो.

रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. काकाजी जिचे दलाल होते, त्या सागवान योजनेत पैसे भरलेली गावातली ११४ नावं. तिसऱ्या पानावर बाबा : कापसाच्या चुकाऱ्यातले ५,००० रुपये.

पंचवीस वर्षं कोर्टात नेमकं काय करतोस, असं तू परवा विचारलंस. माझी बहुतेक वर्षं दुसऱ्यांच्या खातेवह्या वाचण्यात गेली गड्या. एका जिनिंगच्या दाव्यात व्यापाऱ्याने ओलावा जास्त म्हणून रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी नाकारल्या होत्या. १७० किलोची एक गाठ, अशा शेकडो. त्याच्या मुनिमाची उलटतपासणी तीन दिवस चालली. शेवटी ओलाव्याची नोंद माल उतरायच्या आदल्या दिवसाची निघाली! त्या एका तारखेसाठी मी दोन महिने कागद चाळले होते. २०१५ च्या कायद्याने व्यापारी न्यायालयं आली, तिथे प्रतिवादीला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात. पुढे तो हक्कच जातो. तारखांवर तारखा पाहिलेल्या आपल्या लोकांना हे खरं वाटत नाही.

रोख्यांचं काम वेगळं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या आदेशावर ४५ दिवसांत मुंबईच्या रोखे अपिलीय न्यायाधिकरणात अपील, तिथून फक्त कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय. साक्षीदार क्वचितच उभा राहतो, सगळी लढाई कागदावर. शेअर म्हटलं की लोकांना मुंबईचा बाजार आठवतो, पण आपल्या गावातलं सागवानही याच कायद्यात बसतं. सेबी कायद्याचं कलम ११एए विचारतं : पैसा एकत्र गोळा केला का? नफा, उत्पन्न किंवा मालमत्ता मिळेल म्हणून लोकांनी तो दिला का? कारभार दुसऱ्याने पाहिला का? रोजच्या कामात पैसे देणाऱ्याचा हात होता का? पहिल्या तिन्हींना हो आणि चौथ्याला नाही, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना, आणि ती सेबीच्या नोंदणीशिवाय चालवता येत नाही. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबांचा आवाज कानात आला : "माह्यं झाड कोन्तं, थे तं दाखवा." ते त्यांना कोणी कधी दाखवलं नाही. सेबीने या योजनांचे नियम १९९९ मध्ये आणले. आपल्या तालुक्यातल्या ऑफिसला त्याआधीच, १९९८ मध्ये, कुलूप लागलं होतं.

आता काकाजींचं. अशा प्रकरणात मी सगळ्यात आधी एक गोष्ट पाहतो : आतल्या माणसाने स्वतःचे पैसे कधी काढले? ज्याला माहीत असतं तो आधी बाहेर पडतो. काकाजींच्या वहीत शेवटचं नाव त्यांचं स्वतःचं आहे. २५,००० रुपये, वावर गहाण ठेवून, ऑफिस बंद होण्याच्या तीन आठवडे आधी भरलेले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, गजू. इतका स्वच्छ पुरावा मला माझ्या खटल्यांतही फार थोड्या वेळा मिळाला आहे.

त्यापुढची पानं तू वाचली आहेस का? १०० परत. ५० परत. ज्वारी एक पायली. सहा वर्षं, गावातल्या विधवा बायांच्या नावांपुढे. कमिशन दलालाने घेतलं, एवढंच गावाने पाहिलं.

ऑफिस बंद झालं त्या वर्षीच्या पोळ्याला तुमची बैलजोडी आमच्या दारात आली आणि आईने दार लावून घेतलं. बैल धरून तूच उभा होतास. मी सुट्टीत घरी होतो, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, आणि खिडकीतून पाहत राहिलो. दार उघडायला हवं होतं. काकाजी जिवंत होते तोवर त्यांच्याकडे जाऊन हे बोलायला हवं होतं. मी गेलो नाही.

बाबा आता ७९ चे आहेत, कमी ऐकू येतं. दिवाळीत येतो आणि ही वही त्यांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तेव्हा तू आमच्या ओसरीवर माझ्या शेजारी बसावंस, एवढं मागतो. वही जपून ठेवली आहे, सोबत घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर