राजीनाम्याआधी हे वाच

चिऊ,

पोचलीस का? आईला मेसेज केलास, मला नाही, म्हणजे राग अजून आहे. असू दे. रविवारचं मी काही काढणार नाहीये. आई म्हणाली फोन करू नका, आवाज चढतो तुमचा, त्यापेक्षा लिहा. म्हणून टाईप करतोय, ऱ्हस्वदीर्घ बघू नकोस.

10 पैकी 6.2 सीजीपीएवर कोण घेणार मास्टर्सला, त्यापेक्षा जॉब सोडते आणि वर्षभर गेटचाच, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचाच, अभ्यास करते, असं म्हणालीस. तू गेल्यावर तुझ्या जुन्या लॅपटॉपवर बसून वाचत होतो. जर्मनीचं गणित उलटं आहे, तिथे 1 म्हणजे सगळ्यात भारी आणि 4 म्हणजे काठावर पास. आपला आकडा त्यांच्यात बदलायचा तर 10 मधून तुझे 6.2 वजा, भागिले 6 कारण आपलं पासिंग 4 ला, गुणिले 3, अधिक 1. 2.9 येतं. बऱ्याच कोर्सना 2.5 तरी लागतं, वर एपीएस सर्टिफिकेटची, म्हणजे आपली कागदपत्रं तपासून घ्यायची, भानगड वेगळी. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी 4 पैकी 3 मागतात. आयआयटीत कुठे 60 टक्के, कुठे 6, कुठे 6.5. पण तू राहतेस त्याच बेंगलोरात आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, आहे, त्यांची एमटेकची अट वाचलीस का? किमान सेकंड क्लास! पुढचा सगळा खेळ मुख्यतः गेटच्या स्कोरवर. तो सोपा नाही हे मला कळतं, पण दार तरी बंद नाहीये ना.

आणि गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो. मग जॉब करत एकदा देऊन बघ की फेब्रुवारीत, नाही जमलं तर पुढच्या वर्षी. आयआयटीच्या स्पॉन्सर्ड सीटला, म्हणजे कंपनीच शिकायला पाठवते त्या जागेला, साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, तुझं अजून दीडच झालंय. कंपनी पाठवेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण आत्ता सोडलास तर तो विचारायचा पण चान्स जातो. एमटेकला महिन्याला 12,400 स्टायपेंड मिळतो, त्यावर तू राहशील, पण त्याच्या आधीचं वर्ष? परत तेच आलं. नाही काढायचं ठरवलं होतं. माझ्या व्हीआरएसनंतरचे आठ महिने तू लहान होतीस, तुला आठवत नसतील, आईला विचार.

सेकंड इयरचं एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या त्या निबंधात, लिहायचं नाही म्हणतेस. आजीच्या आजारपणाचं भांडवल नको. बरोबर आहे गं, पण एम-थ्री, तो गणिताचा पेपर, दोनदा राहिला हे मार्कशीटवर दिसतंच, कारण दोन ओळीत सांगितलं तर ते रडगाणं होत नाही. तिच्या उशाशी बसून तू लाप्लास ट्रान्सफॉर्म पाठ करायचीस आणि ती विचारायची, हे कुठलं स्तोत्र! खालीच लगेच शेवटच्या दोन सेमचे 8.1 आणि 8.4 लिही. ते कोणाच्या कृपेने नाही आले.

प्रोजेक्टच्या वेळी आपण स्कूटरवरून बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी सेन्सर घ्यायला गेलो होतो, आठवतं? दुकानदार म्हणाला दोन्ही सारखेच आहेत, आणि तू त्यालाच डेटाशीट उघडून दाखवलीस. मी मागे हेल्मेट धरून उभा, गप्प. घरी येऊन आईला तीच गोष्ट चार वेळा सांगितली म्हणे मी. मला त्यातलं काही कळत नव्हतं पण अशा मुलीला कुणी 6.2 म्हणून बाजूला काढेल याचा रागच येतो मला, तुझ्यावर नाही, त्या आकड्यावर.

तर प्रोजेक्टच्या सरांना रेकमेंडेशनसाठी मेल कर. ऑफिसातल्या टीम लीडला विचारता येईल, अर्थात तिथे असलीस तर. सॉरी. लेक्चर झालं.

ट्रान्सक्रिप्टचं मी बघतो, गणेशखिंडला विद्यापीठात जाऊन येतो, रिकामाच आहे. आठही सेमच्या मार्कशीटचे नीट फोटो पाठव, मागच्या वेळी कोपरा कापला होतास. शेंगदाण्याची चटणी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

राजीनाम्याचा मेल गेला नाहीये ना? गेला असला तरी सांग, ओरडणार नाही.

बाबा