या वर्षी गणपतीला येता येणार नाही

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर आईचा आवाज कापरा झाला की माझा धीर सुटतो, म्हणून लिहितेय. या वर्षी गणपतीला मला येता येणार नाही. आम्ही बांधलेल्या छोट्या पाणबुडीत माणूस बसवून पहिली चाचणी सप्टेंबरात ठरली आहे. इथल्या तळ्यांचं पाणी तेव्हाच त्यातल्या त्यात उबदार असतं, नंतर थंडी सुरू होते. आत मीच बसणार आहे, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

बाबा, बुडालेल्या टायटन पाणबुडीच्या बातम्या पुन्हा पुन्हा बघत बसता, असं दादा म्हणाला. जून 2023 मध्ये पाच माणसं गेली, त्यात खोटं काही नाही. पण ती पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांपाशी, साधारण 3,800 मीटर खोल निघाली होती, आणि तिचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं. आमचं पोलादाचं आहे, मर्यादा 30 मीटर, आणि तळं 12 मीटर खोल. आपल्या मर्यादेच्या आत तळ लागतो तिथंच पहिली बुडी मारायची, हा नियम मी मोडणार नाही. आत पाणी शिरून जड झालीच तर तळाला टेकेन, त्याखाली जायला जागाच नाही. त्याआधी रिकामी पाणबुडी वजनं बांधून दुसरीकडच्या खोल पाण्यात दोराने 40 मीटरपर्यंत सोडून बघितली. वर काढली तेव्हा आत कोरडी ठक्क होती.

आई, आमच्या पाणबुडीला पंख कशाला, ते तुला नीट सांगते. नेहमीच्या पाणबुड्या टाक्यांत पाणी भरून जड होतात आणि बुडतात. आमची पाण्यापेक्षा किंचित हलकी ठेवली आहे. पंख विमानासारखेच, पण उलटे बसवलेले, त्यामुळे पुढे जाताना ते तिला खाली दाबतात. मोटर थांबली की ती आपोआप वर येते. ग्रॅहम हॉक्स या इंजिनिअरने 1990च्या दशकापासून डीप फ्लाइट पाणबुड्या याच तत्त्वावर बांधल्या. बाकी विसरलीस तरी चालेल, थांबली की वर येते एवढं लक्षात ठेव.

झाकणाची रबरी रिंग मी स्वतः बसवते. बोटाने सिलिकॉन ग्रीस लावायचं, मग टॉर्च तिरपा धरून खाच बघायची, कारण एक केस अडकला तरी पाणी झिरपतं. तू कुकरची रिंग उलटसुलट करून बघतेस ना, तशीच. आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम शोषून घेतं, ऑक्सिजन किती उरलाय ते समोरच्या मीटरवर दिसतं. बाजूला दोन पाणबुडे पोहत असतील, वर होडीत माणसं. नोकरी सोडलेली नाही, कर्ज काढलेलं नाही. जेवणही वेळेवर होतं, शेडमध्ये भाताचा कुकर ठेवला आहे.

बाबा, मालवणच्या बंदरावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन पाकट मासळी दाखवली होती. जाळ्यातून सुटून ती परत पाण्यात गेली आणि दोन्ही पंख हलवत दिसेनाशी झाली. मी घरी येईपर्यंत रडत होते, मलाही जायचं म्हणून. तुम्ही म्हणालात, मोठी हो, मग जा. ते मी अजून सोडलेलं नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत; हे वेड कुणाकडून आलं ते तुम्हाला माहीत असावं एवढंच.

आता माझं ऐका. गणपतीच्या वरची माटवी बांधायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, दादा येईल तेव्हाच बांधायची. बीपीची गोळी आरती लांबली तरी वेळेवर. आईने मोदक खुर्चीवर बसून वळायचे, पाटावर नाही. काकूंना दोन दिवस आधी बोलावून घे, त्यांना मी सांगितलं आहे. रात्री न्हाणीघरातला दिवा चालू ठेवा, बिलाचं मी बघते. डिसेंबरचं तिकीट काढून झालंय, महिनाभर राहीन. चाचणी झाली की होडीतूनच फोन करेन, तेव्हा तुमच्याकडे रात्र असेल, म्हणून मोबाईल उशाशी ठेवा आणि दोघंही जेवून घ्या.

तुमची,
चिमू