‘राहू दे गं, खोडू नकोस’

आदरणीय बाई,

पालकसभेत हे तोंडावर सांगायला गेले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहून कळवते.

माझी लेक सातवीत तुमच्याकडे आली तेव्हा तिला प्रयोग करता येत नव्हता, प्रयोग लिहिता मात्र झकास येत होता. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं सुवाच्य. आधीच्या वर्गात निरीक्षणं फळ्यावरून उतरवून घ्यायची. ज्याचे आकडे जुळले नाहीत त्याच्या वहीवर लाल रेघ. एकदा तिनं ‘असं का आलं?’ म्हणून विचारलं तर ‘जास्त शहाणपणा नको’ हे उत्तर मिळालं. मग तिनं विचारणंच सोडलं.

आणि मग तुमचा तो दोलक. वजन वाढवलं तरी झोक्याला लागणारा वेळ बदलत नाही, हे तिनं पुस्तकात वाचलेलं. 25 सेंटिमीटरच्या दोऱ्याला एक नट बांधून 10 झोके मोजले, 10 सेकंद भरले. मग एकाखाली एक आणखी नट लटकवले, तर 10.8! बिचारी खोडरबर शोधायला लागली. तुम्ही वहीवर हात ठेवलात. ‘राहू दे गं, खोडू नकोस. तू मोजलंयस ना? वजनाशिवाय आणखी काय बदललं ते बघ.’ एवढं बोलून तुम्ही पुढच्या टेबलाकडे निघून गेलात.

ते निघून जाणं मला फार मोठं वाटतं, बाई. उत्तर ओठांवर असताना गप्प राहायला केवढा संयम लागतो! पोरीच्या आकड्यावर तुम्ही तिच्याआधी विश्वास ठेवलात. लहान माणसाला असा मान देणारी मोठी माणसं कमीच भेटतात.

नट खाली लोंबल्यामुळे दोलकाची लांबीच वाढली होती, हे तिचं तिनं शोधलं. मग सगळे नट एकाच उंचीवर जुडी करून बांधले, तर वेळ पुन्हा 10 सेकंदांवर. त्या संध्याकाळी हे तिनं आम्हाला हातवारे करकरून तीनदा सांगितलं.

आता टीव्हीवर ‘दुप्पट शुभ्र’ म्हटलं की ती विचारते, ‘कशाच्या दुप्पट? धुतलं किती वेळ?’ घरात कुणाला सहज काही बोलून जायची सोय राहिली नाही. तक्रार नाही हं ही. म्हणजे, थोडीशी आहे.

तुमची ऋणी,
सातवीतल्या एका मुलीची आई